गंधक गेलं कुठं?

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता शिप्रेकाठच्या त्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत हलवाई आणि नमकीनवाले, मागे हॉटेलवाले, एका अंगाला भेरूगढचे कापड-छपाईवाले, दुसऱ्या अंगाला लाँड्रीवाले. ज्याच्या ज्याच्या घरी भट्टी, तो तो माणूस हातात रिकामी कॅन घेऊन हजर. बायका वेगळ्या बसल्या होत्या आणि बऱ्याच जणींच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मंचावर लांब मुठीचा, झाकण-तोटीचा तांब्याचा मोठा लोटा, एक चकचकीत दंड, धुपाचा धूर आणि धुरामागे स्वामी अष्टधातू महाराज.

"कोयला क्या है?" महाराजांनी माईकवरून विचारलं.

हलवायाला कोळसा म्हणजे काय ते ठाऊक असतं, पण महाराजांना तसलं उत्तर नको होतं.

"कोयला धरती माता का दबा हुआ क्रोध है! उसके तेल में दो राक्षस बैठे हैं. एक गंधक, दूसरा नाइट्रोजन. गंधक छाती जलाता है, नाइट्रोजन बुद्धि जलाता है. आज दोनों को भगाएँगे. बोलो, भगाएँगे कि नहीं?"

"भगाएँगे!" मैदान ओरडलं.

एका चेल्यानं बाटलीतलं काळंकुट्ट तेल लोट्यात ओतलं. डांबराचा भपका आला, पुढच्यांनी नाकाला रुमाल लावले. महाराजांनी चिमूटभर भस्म टाकलं, दंडानं अकरा वेळा ढवळलं, झाकण घट्ट बसवलं आणि लोटा उचलून काचेच्या पेल्यात तिरका केला. पेल्यात पडलं ते पाण्यासारखं स्वच्छ, आणि त्याला केवड्याचा वास. लोक उभे राहिले. कुणी रडलं. मी भावाबरोबर पुरुषांच्या बाजूला उभी होते; शेजारच्या माणसानं मला कोपरानं ढोसून विचारलं, "देखा माताजी?"

"विदेश में इसी काम के लिए करोडों की मशीन लगती है," महाराज गरजले. "कहते हैं, कॅटलिस्ट चाहिए, मोलिब्डेनम चाहिए. अरे मूर्खों, तुम्हारा कॅटलिस्ट मोलिब्डेनम है, हमारा कॅटलिस्ट तपस्या है!"

मोलिब्डेनम हा शब्द त्या तोंडून ऐकला आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

तिडीक जायला कारण आहे. मी जयू. शिंद्यांच्या काळात दप्तरात कारकुनी करायला उज्जैनला आलेल्या घराण्यातली, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. रसायनशास्त्र शिकले आणि नोकरीची एकोणतीस वर्षं दूरच्या एका प्रयोगशाळेत एकच काम केलं: कोळशापासून काढलेल्या तेलातलं गंधक आणि नायट्रोजन काढणं. लग्नामुंजीत बायका विचारायच्या, "तुम्ही नक्की काय करता हो?" मी सांगायला लागले की त्यांना स्वयंपाकघरात काम निघायचं. निवृत्त होऊन मागच्या महिन्यात माधवनगरला भावाकडे आले, आणि ज्याच्यात माझे केस पांढरे झाले ते काम हा माणूस चिमूटभर राखेनं अकरा फेऱ्यांत उरकत होता.

हे काम कसं होतं ते आताच सांगून टाकते, कारण सगळं भांडण तिथंच आहे. कोळसा हवा न लागू देता तापवला की डांबर निघतं, डांबरातून तेल. त्या तेलात गंधक आणि नायट्रोजन नुसते मिसळलेले नसतात, तेलाच्या रेणूंत पक्के जोडलेले असतात. गाळून निघत नाहीत, निवळून निघत नाहीत. तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवायचं, जाड पोलादी भांड्यात दाबाखाली हायड्रोजन सोडायचा, आणि दोन्ही मिळून धातूच्या बारीक गोळ्यांच्या थरातून न्यायचे. धातू म्हणजे मुख्यतः मोलिब्डेनम, सोबतीला कोबाल्ट किंवा निकेल; हाच तो कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. ह्या गोळ्या आधी स्वतः गंधक पचवतात आणि मगच कामाला लागतात. त्यांच्या पृष्ठभागावर गंधकाचा सांधा सुटतो, हायड्रोजन गंधकाला घेऊन बाहेर पडतो, आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू तयार होतो. नायट्रोजन त्याहून हट्टी, पण शेवटी तोही अमोनिया होऊन निघतो. मग तो विषारी वायू पकडायचा आणि त्यातलं गंधक वेगळं करायचं. पिवळ्याधमक गंधकाचे ढीग मी ह्या डोळ्यांनी पाहिलेत. सांगायचं इतकंच, की तेलातून निघालेलं गंधक कुठंतरी दाखवता येतं. ते नाहीसं होत नाही.

महाराजांच्या लोट्यातून मात्र कसलाच वायू निघाला नव्हता, तळाशी काही साचलं नव्हतं. मग गंधक गेलं कुठं? हजार माणसांत हा प्रश्न एकालाही पडला नाही. माझा भाऊ श्रीधर, बी.कॉम. झालेला, बावीस वर्षं सेव-नमकीनचा कारखाना चालवणारा माणूस, दोन कॅन पायाशी ठेवून हात जोडून उभा होता.

त्यानंतर बायकांचा कार्यक्रम सुरू झाला, आणि तिथं मला नुसता राग नाही, भीती वाटली. मांड्यांवरची फडकी उलगडली गेली. आतून चांदीच्या वस्तू निघाल्या, सगळ्या काळ्या पडलेल्या. माझी भावजय प्रतिभा रांगेत उभी राहिली. तिच्या फडक्यात आमच्या देवघरातले टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेली कुलदैवतं: आमचा खंडोबा, आमची भवानी. सात पिढ्यांच्या घासण्यानं त्यांची नाकंडोळी पुसट झालीत. ते टाक काजळासारखे काळे पडले होते.

चेल्यानं ते एका पांढुरक्या परातीत ठेवले, वरून वाफाळतं पाणी ओतलं, भस्म टाकलं. धूप मुद्दाम जोरात फुलवला. दोन मिनिटांत टाक चकचकीत झाले.

"देवता ने तुम्हारे घर का दोष अपने ऊपर लिया, बेटी," महाराज म्हणाले. "हमारा तेल दोष खींचता है, चाँदी पीती है. जितनी काली, उतना भला."

प्रतिभाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खोकत होती. त्या धुपाच्या आडून मला एक वास आला. एकोणतीस वर्षं नाकात बसलेला वास, तो मी कसा विसरेन? सडक्या अंड्यांचा.

घरी आल्यावर मी आधी कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे मागच्या अंगणात पत्र्याखाली दोन भट्ट्या, ब्लोअर, बर्नर, सोऱ्या, बेसनाची पोती. पूर्वी भट्टी डिझेलवर चालायची. सहा महिन्यांपासून महाराजांचं "सिद्ध तेल", कारण ते स्वस्त. ड्रम ठेवायला अंगणात जागा नाही म्हणून ते आत, देवघराच्या भिंतीला लागून. शिवाय महाराजांची आज्ञाच होती की ड्रम देवांच्या जवळ असावेत.

एका ड्रमचं झाकण काढलं. तेल काळं नव्हतं, गडद तपकिरी होतं, आणि वर केवड्याचा वास. काठी तळाशी घातली तर टोकाला माती लागली. झालं, कळलं. रंग उतरवणाऱ्या मातीतून तेल गाळायचं, वर अत्तर ओतायचं. रंग थोडा निघतो, वास झाकला जातो. गंधक होतं तिथंच राहतं.

"रंग बदललाय ना, ताई? वास बदललाय ना?" श्रीधर माझ्या मागे येऊन म्हणाला. "मग काहीतरी तर निघालंच असेल. तू पण ना, बिल्कुल ऐकूनच घेत नाहीस."

"तुझा बर्नर दर आठवड्याला तुंबतो, खरं की नाही?"

"रोज साफ करून राहिलोय मी. मतलब जुना आहे बर्नर."

"बर्नर जुना नाही. तेलातल्या नायट्रोजनचा चिकटा बसतो त्याच्यावर. आणि गंधक जळलं की त्याचा जो वायू होतो, तो ओल्या श्वासनळीत गेला की आम्ल बनतो. तुझी बायको दिवसाचे आठ तास त्या भट्टीशेजारी बसते, श्रीधर!"

प्रतिभा दारात उभी होती. तिला जुना दमा. डॉक्टरांनी दिलेला पंप ती कमरेला खोचून असायची, तो मला दिसला नाही.

"पंप कुठं आहे तुझा?"

"देवघरात ठेवला, वन्सं." ती शांतपणे म्हणाली. "महाराज म्हणाले, खोकला येतोय तो दोष निघून राहिलाय. पंप मारला तर तो आतच राहील. म्हणून देवाला वाहून टाकला."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अडाणी म्हणाले, गाढव म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले. श्रीधर चिडला. प्रतिभा चिडली नाही, आणि त्यानं मला जास्त संताप आला. ती फक्त म्हणाली, "तुमची विद्या मोठी आहे, वन्सं. पण टाक काळे होतात ते मी रोज डोळ्यांनी पाहते. चाळीस वर्षं चांदी घासतेय. दिवाळीला नि चैत्रात घासली की पुरायची. आता चार दिवसांत काळी होते. काहीतरी खेचलं जातंय ना? देव घेतोय ना अंगावर? तुम्ही ते खोटं कसं म्हणता?"

तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी तिला मूर्ख समजत होते आणि ह्या घरात नीट निरीक्षण करणारी एकटी तीच होती. तिनं पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं. चांदी काळी होत होती आणि तेल आल्यापासूनच होत होती. फक्त त्याचा अर्थ सांगायला तिला एक लबाड भेटला आणि मी एकोणतीस वर्षं दूर होते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन टावर चौकात सराफाकडे गेले. "टाक ठोकायच्या आधीचा कोरा पत्रा दाखवा," म्हटलं. त्यानं बोटाएवढी पट्टी कापून दिली, तिचेही मी दोन सारखे तुकडे करून घेतले.

"हे कशाला?" प्रतिभानं विचारलं.

"ह्याच्यावर अजून देव नाही. हा कुणाच्या घरी राहिलेला नाही. ह्याला दोष लागेल का कुणाचा?"

"कोऱ्या चांदीला कसला दोष?"

"मग बघू."

घरी लोणच्याच्या काचेच्या दोन सारख्या बरण्या काढल्या. एकीत महाराजांचं तेल बोटभर, दुसरीत पेट्रोल पंपावरून आणलेलं साधं डिझेल बोटभर. आजकालच्या डिझेलमधलं गंधक जवळपास सगळं काढलेलं असतं, माझ्यासारख्या लोकांनी मोलिब्डेनमवर घासून घासून. पत्र्याचे तुकडे दोऱ्यानं झाकणाला टांगले, तेलाला लागणार नाहीत असे. दोरा प्रतिभानं बांधला, झाकणं तिनं लावली, कुंकवाची खूण तिनं केली. मी हातही लावला नाही. बरण्या भट्टीजवळच्या फळीवर ठेवल्या आणि मी तिला वचन दिलं की तीन दिवस तोंड उघडणार नाही. पंप तेवढा घे, अशी मात्र हात जोडून विनवणी केली. ती म्हणाली, "तीन दिवसांनी बघू."

आयुष्यात केलेल्या चुकांत ही सगळ्यात मोठी. प्रयोग व्हायचा तेव्हा होतो, पण तोवर मी तिला त्या धुरात बसू दिलं. देवघरातला पंप मीच काढून आणायला हवा होता आणि भट्टी लाथेनं विझवायला हवी होती. मी ते केलं नाही, कारण मला जिंकायचं होतं.

रविवारी सकाळी मोठी ऑर्डर होती. दोन्ही भट्ट्या पेटल्या होत्या. मी वरच्या खोलीत होते, खालून झारा पडल्याचा आवाज आला. धावत आले तर प्रतिभा बेसनाच्या पोत्याला टेकून जमिनीवर बसलेली. तोंड उघडं, छाती नुसती वरखाली, आणि हवा आत जात नव्हती. ओठ निळे. तिनं हात उचलून देवघराकडे बोट केलं.

"श्रीधर, पंप!" मी ओरडले.

श्रीधर धावला. आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबला. त्याचे हात बेसनानं आणि तेलानं माखले होते. त्यानं नळ सोडला आणि हात धुवायला लागला. बायको तिकडे निळी पडतेय आणि माझा भाऊ देवघरात शिरायचं म्हणून हात धुतोय, कोपरापर्यंत, साबण लावून.

त्याला वाईट म्हणू नका. आमच्या आईनं आम्हा दोघांना तेच शिकवलं. मी मात्र चपलांसकट देवघरात शिरले, टाकांच्या पुढ्यातला पंप उचलला आणि तिच्या तोंडाला लावला. एकदा, दोनदा, चारदा. मग रिक्षा, मग दवाखाना, मग नाकाला ऑक्सिजन.

डॉक्टर मृण्मयी तिशीतली पोर असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि श्रीधरकडे बघून म्हणाली, "काका, ह्या वाचल्या. पण सहा महिने रोज तो धूर आत गेलाय. छातीचं जे नुकसान झालंय ते सगळं भरून येईल असं मी सांगू शकत नाही. जिना चढताना धाप लागणार. भट्टीजवळ बसणं बंद, कायमचं."

श्रीधर तिथंच बाकावर बसून ढसाढसा रडला. मला त्याची दया आली नाही. आता येते, तेव्हा नाही आली.

मंगळवारी प्रतिभा घरी आली. भट्ट्या थंड होत्या. ती भिंतीला धरत धरत फळीपाशी गेली आणि बरण्या खाली घेतल्या. डिझेलच्या बरणीतला तुकडा सराफानं दिला तसाच पांढरा होता. सिद्ध तेलाच्या बरणीतला काळाठिक्कर. तिनं तो पदराच्या टोकानं घासून पाहिला, बोटानं चोळून पाहिला, उजेडात धरला. चांदीची पारख माझ्यापेक्षा तिला जास्त होती.

"ह्या बरणीत तर कुणी राहत नव्हतं, वन्सं," ती म्हणाली.

"नाही."

"मग दोष तेलातच होता. अजून आहे."

"तेलातलं गंधक वाफेनं वर येतं, चांदीला लागतं, चांदी काळी होते. बस, एवढंच आहे."

"आणि जळालेलं?"

तिनं छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "गुरुवारी मला घेऊन चला."

"तुला धाप लागतेय."

"रिक्षानं जाऊ. आपली पितळी परात पण घ्या."

गुरुवारी पुन्हा तेच मैदान, तीच गर्दी, त्याच कॅन. बायकांची पाळी आली तेव्हा प्रतिभा मंचावर चढली. चार पायऱ्या, पण दोनदा थांबावं लागलं. तिनं काळा पत्रा पुढे केला. चेल्यानं सवयीनं हात पुढे केला.

"तुमच्या परातीत नको. माझ्या परातीत करा," ती म्हणाली आणि पितळी परात पुढे ठेवली. "पानी आपका, भस्म आपकी. सिर्फ परात मेरी."

चेल्यानं महाराजांकडे बघितलं. नाही म्हणावं तर हजार लोक बघतायत. पाणी ओतलं, भस्म टाकलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली. पत्रा काळाच राहिला. मग तिनं तोच पत्रा उचलून त्यांच्या पांढुरक्या परातीत टाकला, तिच्या हातानं, मंत्राशिवाय. वरून गरम पाणी आणि भस्म. पत्रा पांढरा झाला.

हे मी तिला आदल्या दिवशी स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं. ती परात ॲल्युमिनियमची. "भस्म" म्हणजे खायचा सोडा आणि मीठ. चांदी ॲल्युमिनियमला टेकली की चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियम सोडवून घेतं आणि त्यातलं थोडं सडक्या अंड्यांच्या वासानं उडून जातं. म्हणूनच तो धूप जोरात फुलवायचा. गंमत बघा. ह्या सगळ्या तमाशात धातूनं गंधक काढण्याची एकच खरी क्रिया होत होती, आणि तीच तो लपवत होता.

"महाराज," प्रतिभा माईकजवळ गेली, "ये चाँदी कोरी है. न घर देखा, न आदमी. आपके तेल की बरनी में चार दिन लटकी थी. इसको किसका दोष लगा?"

महाराज हसले. हसायला त्यांना पैसे मिळत होते. "बेटी, शंका ही सबसे बडा गंधक है!"

लोकही हसले. प्रतिभाला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरेपर्यंत ती थांबली.

"ठीक है," ती म्हणाली. "तो इतना बता दो. आपने कहा, तेल का गंधक चला गया. गया कहाँ? लोटे में नहीं है, गिलास में नहीं है. जो चीज जाती है, कहीं तो जाती है ना?"

"शून्य में, बेटी! शून्य में विलीन!"

"शून्य में नहीं गया." तिचा आवाज चिरकला. "मेरी छाती में गया."

तेवढ्यात मी मंचावर पोचले होते आणि लोटा उचलला होता. दोन चेले अंगावर आले. भेरूगढचा एक पांढऱ्या दाढीचा छपाईवाला, ज्याला मी ओळखतही नव्हते, मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "रुको. देखने दो." बाकीचे छपाईवालेही उठले. चेले थांबले.

लोट्याची मूठ पोकळ होती. तिच्या खालच्या अंगाला दोन बारीक भोकं. मी एका भोकावर अंगठा ठेवला आणि लोटा तिरका केला: स्वच्छ, केवड्याच्या वासाचं. अंगठा दुसऱ्या भोकावर सरकवला: काळंकुट्ट, डांबरी. पुन्हा स्वच्छ. पुन्हा काळं.

"आत दोन कप्पे आहेत!" मी माईकवर ओरडले, मराठीत आणि मग हिंदीत. "ज्या कप्प्याला हवा मिळते तेच तेल बाहेर पडतं, ज्याचं भोक बंद ते आत अडून राहतं. स्वच्छ तेल आधीपासून भरलेलं. काळं ओतलं ते अजून आतच आहे. अकरा फेऱ्या म्हणजे अंगठा सरकवायला वेळ! ह्याला तपस्या लागत नाही, अंगठा लागतो!"

एका हलवायानं लोटा माझ्या हातून घेतला, स्वतः करून बघितला. मग दुसऱ्यानं. लोटा रांगेतून फिरत गेला आणि प्रत्येकानं एकदा काळं, एकदा स्वच्छ ओतून बघितलं. तोवर महाराजांची गाडी मागच्या रस्त्यानं निघून गेली होती. आता तक्रार दिलीय, चौकशी चालू आहे म्हणतात. महाराज दुसऱ्या गावी बसलेत असंही म्हणतात.

सगळ्यांना कळलं असं समजू नका. मैदानातून बाहेर पडताना दोन माणसं उरलेल्या ड्रममधून कॅन भरून घेत होती. मी विचारलं, "आता तरी?" एक जण म्हणाला, "माताजी, लोटा झूठा होगा, महाराज झूठे नहीं हैं. और तेल सस्ता है." त्याच्या घरी भट्टीशेजारी कोण बसतं ते मी विचारलं. त्यानं मान खाली घातली, पण कॅन ठेवली नाही.

आमच्या घरचे ड्रम श्रीधरनं स्वतः गाडीवर चढवून परत पाठवले. भट्टी पुन्हा डिझेलवर चालते. तिच्यावर आता तो बसतो, प्रतिभा पुढच्या खोलीत पुड्या बांधते. पंप तिच्या कमरेला असतो. जिना चढताना ती मध्ये दोनदा थांबते, आणि प्रत्येक वेळी श्रीधर खाली उभा राहून वर बघतो.

पंधरा दिवसांनी तिनं मला देवघरात बोलावलं. टाक तिनं घासले त्या दिवशी होते तसेच पांढरे होते. खंडोबाच्या पुसट नाकावर बोट फिरवून ती म्हणाली, "ह्यानं काही घेतलं नव्हतं हो अंगावर. हा तर सहा महिने सांगून राहिला होता, की घरात काहीतरी वाईट आहे, आणि मी रोज घासून त्याचं तोंड बंद करत होते." मग माझ्याकडे वळून जरा हसली. "पण वन्सं, चपला घालून यायला नको होतं."

माझं सांगणं फार मोठं नाही. मोलिब्डेनम समजलं नाही तरी चालेल, हायड्रोजन नाही समजला तरी चालेल. उद्या कुणी तुमच्या समोर उभा राहून म्हणाला की मी विष काढलं, रोग काढला, दोष काढला, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: कुठं गेलं ते, दाखव. खरं काम करणारा माणूस पिवळा ढीग दाखवील. लबाड शून्याकडे बोट करील. तेव्हा घरी जा, आणि तुमच्या भट्टीशेजारी कोण खोकतंय ते ऐका.